बायबलमधील दैवी न्याय आणि राज्यकर्त्यांचे उत्तरदायित्व

बायबलमधील दैवी न्याय आणि राज्यकर्त्यांचे उत्तरदायित्व हा बायबलच्या जुन्या व नव्या करारांत आढळणारा एक प्रमुख नैतिक व राजकीय विचार आहे. राजा, अधिपती किंवा न्यायाधीश हा कायद्याचा उगम नसून कायद्याखालील सेवक आहे, त्याची सत्ता त्याला सोपवलेली ठेव आहे आणि तिच्या वापराचा हिशेब त्याला ईश्वरापुढे द्यावा लागतो, असे या विचाराचे थोडक्यात स्वरूप आहे. दुर्बलांवर, विशेषतः विधवा, अनाथ, परदेशी आणि मजूर यांच्यावर होणारा अन्याय हा राज्यकर्त्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आरोप मानला जातो. राज्यकर्त्याच्या अपराधाची शिक्षा निरपराध प्रजेला का भोगावी लागते, हा या विचारातील सर्वांत अवघड प्रश्न असून तो बायबलमध्येच अनेक ठिकाणी उपस्थित केलेला आहे.

संज्ञा

जुन्या करारात न्यायासाठी प्रामुख्याने दोन हिब्रू शब्द येतात. 'मिश्पात' म्हणजे निवाडा किंवा न्यायदान आणि 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्त्व किंवा धार्मिकता. पहिल्या शब्दाचा रोख निर्णयाकडे, तर दुसऱ्याचा माणसामाणसांतील योग्य संबंधाकडे असतो. संदेष्ट्यांच्या लेखनात हे दोन्ही शब्द पुष्कळदा जोडीने येतात. यशयाच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात त्यांच्यावर श्लेष साधला आहे. ईश्वराने मिश्पात अपेक्षिला, पण त्याला 'मिस्पाख' म्हणजे रक्तपात दिसला. त्याने त्सेदाका अपेक्षिली, पण त्याला 'त्सेआका' म्हणजे पीडितांचा आक्रोश ऐकू आला. उच्चारात जवळचे पण अर्थाने विरुद्ध असे हे शब्द नाममात्र न्याय आणि प्रत्यक्ष अन्याय यांतील अंतर दाखवतात.

न्यायाधीशासाठी वापरलेला 'शोफेत' हा हिब्रू शब्द न्याय देणारा आणि शासन करणारा अशा दोन्ही अर्थांनी येतो. जुन्या करारातील एका ग्रंथाचे नाव याच शब्दावरून पडले आहे. मराठी बायबलमध्ये त्या ग्रंथाला 'शास्ते' असे नाव आहे. शासन या शब्दात राज्य चालवणे व शिक्षा करणे हे दोन्ही अर्थ असल्याने मूळ संज्ञेची व्याप्ती मराठीत चांगली उतरली आहे. राजासाठी 'मशिआख' म्हणजे अभिषिक्त हा शब्द येतो. इस्राएलात राजाला तेलाचा अभिषेक करण्याची प्रथा होती. हा अभिषेक अधिकार देणारा असला, तरी राजाला कायद्यातून सूट देणारा नव्हता.

पार्श्वभूमी

प्राचीन पश्चिम आशियात राजाने न्याय करावा ही अपेक्षा सर्वत्र होती. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ.स.पू. अठराव्या शतकात कोरवलेल्या शिलास्तंभावर तो न्यायदेवता शमश हिच्यासमोर उभा असल्याचे चित्र आहे. बलवानाने दुर्बलावर जुलूम करू नये यासाठी आपण हे कायदे केले, असा त्याच्या प्रस्तावनेचा आशय आहे. राज्यावरील संकट हे देवतेच्या कोपाचे फळ असते, ही समजूतही सार्वत्रिक होती. मवाबचा राजा मेशा याच्या इ.स.पू. नवव्या शतकातील शिलालेखात कमोश हा देव आपल्या देशावर रागावल्यामुळे इस्राएलने मवाबवर वर्चस्व मिळवले, असे कारण दिलेले आहे.

इस्राएलच्या परंपरेत यापेक्षा वेगळ्या दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, कायदा कोणत्याही राजाच्या नावावर नाही. तो सीनाय पर्वतावरील करारातून मोशेमार्फत मिळाला असे मानले जाते. त्यामुळे तो राजसत्तेच्या आधीचा ठरतो आणि राजाला तो बदलता येत नाही. दुसरी म्हणजे, शेजारच्या देशांतील राजवृत्ते बहुधा राजाचे पराक्रम सांगतात, तर बायबलमधील राजवृत्ते त्याचे अपराधही नोंदवतात आणि त्याबद्दल त्याला दोषी ठरवतात.

नियमशास्त्रातील राजा

'अनुवाद' या पाचव्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजाविषयीचा नियम आहे. (येथे 'अनुवाद' याचा अर्थ भाषांतर नसून नियमशास्त्राचे पुनर्कथन असा आहे.) राजाने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत आणि सोन्यारुप्याचा मोठा संचय करू नये, असे तीन निर्बंध त्यात घातले आहेत. घोडे म्हणजे लष्करी सामर्थ्य, राजघराण्यांतील विवाह म्हणजे परराष्ट्रांशी तह आणि सोनेरुपे म्हणजे करातून जमलेला खजिना. म्हणजेच त्या काळी राजसत्ता ज्या तीन साधनांनी वाढत असे, त्या तिन्हींवर येथे मर्यादा आहे.

राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती आयुष्यभर वाचावी आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू नये, असेही हा नियम सांगतो. राजाचे वर्णन येथे प्रजेचा भाऊ असे केले आहे. पुढे शलमोन राजाच्या वृत्तांतात रथ-घोडे, सातशे राण्या व तीनशे उपपत्नी आणि विपुल सोने यांचा उल्लेख येतो. हे तिन्ही निर्बंध मोडणाऱ्या वैभवाचे हे वर्णन असल्याने त्यात स्तुतीइतकीच टीकाही आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

राजसत्तेची स्थापना आणि शमुवेलाचा इशारा

शास्त्यांच्या काळानंतर लोकांनी शमुवेल या संदेष्ट्याकडे इतर राष्ट्रांप्रमाणे आपल्यालाही राजा असावा अशी मागणी केली. १ शमुवेलाच्या आठव्या अध्यायात शमुवेलाने राजा काय करील हे सांगितले आहे. तो मुलांना सैन्यात व आपल्या शेतीवर राबवील, मुलींना सुगंधी तेले करण्यासाठी, स्वयंपाकासाठी व भाजण्यासाठी नेईल, उत्तम शेते व द्राक्षमळे घेऊन आपल्या चाकरांना देईल आणि पिकाचा व कळपाचा दहावा भाग वसूल करील. शेवटी प्रजा गुलाम होईल आणि तेव्हा तिचा आक्रोश ऐकला जाणार नाही, असा हा इशारा आहे. तरीही लोकांनी आग्रह सोडला नाही आणि शौल हा पहिला राजा झाला.

बाराव्या अध्यायात शमुवेल सत्ता सोडताना सर्व लोकांसमोर आणि नव्या राजासमोर स्वतःचा हिशेब देतो. आपण कोणाचा बैल किंवा गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेतली, हे लोकांनी सांगावे, म्हणजे आपण ते परत करू, असे तो म्हणतो. त्याने काही घेतले नाही, अशी लोक साक्ष देतात. पायउतार होणाऱ्या अधिकाऱ्याने प्रजेपुढे दिलेल्या हिशेबाचे बायबलमधील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. येथे हिशेब मागणारा ईश्वर आहे, तर साक्षीदार प्रजा आहे.

प्रमुख प्रसंग

दावीद आणि नाथान

दावीद हा इस्राएलचा सर्वांत प्रिय राजा. २ शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात त्याने उरीया या हित्ती सैनिकाची पत्नी बथशेबा हिला बोलावून घेतल्याचे आणि ती गरोदर राहिल्यावर प्रकरण झाकण्यासाठी उरीयाला लढाईत सर्वांत धोक्याच्या जागी उभे करून मारवल्याचे सांगितले आहे. तसा हुकूम देणारे सेनापतीच्या नावाचे पत्र दावीदाने उरीयाच्याच हाती पाठवले होते.

नाथान हा संदेष्टा दावीदाकडे येऊन फिर्याद सांगावी तशी एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंत माणसाने स्वतःचे कळप असूनही पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी घेऊन कापली, असे तो सांगतो. राजा हाच सर्वोच्च न्यायाधीश असल्याने दावीद संतापून त्या श्रीमंताला दोषी ठरवतो. त्यावर तो माणूस म्हणजे खुद्द राजाच आहे, असे नाथान सांगतो. अशा रीतीने राजाचा निवाडा राजाच्याच तोंडून करवला जातो. दावीद अपराध कबूल करतो, त्याचा जीव वाचतो, पण बथशेबेपासून झालेले मूल दगावते आणि त्याच्या घरात पुढे कलह व बंड माजते. राजाने संदेष्ट्याला शिक्षा केली नाही, ही बाबही या प्रसंगात लक्षणीय आहे.

अहाब आणि नाबोथाचा द्राक्षमळा

१ राजे या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात उत्तरेकडील इस्राएल राज्याचा राजा अहाब याला इज्रेल येथील आपल्या वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. तो बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे देऊ करतो. नाबोथ नकार देतो, कारण तो मळा वाडवडिलांकडून आलेला असतो. मराठी बायबलमध्ये अशा जमिनीसाठी 'वतन' हा शब्द योजला आहे. लेवीय या ग्रंथातील नियमाप्रमाणे जमीन कायमची विकता येत नसे, कारण ती अंतिमतः ईश्वराची मानली जाई.

राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रे लिहून त्यांवर त्याची मुद्रा उमटवते आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवते. दोन खोटे साक्षीदार उभे केले जातात, नाबोथावर देवाची व राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवला जातो आणि त्याला दगडमार करून मारले जाते. या खटल्यात बाह्यतः सर्व रीतसर आहे. सभा भरते, दोन साक्षीदारांची अट पाळली जाते आणि शिक्षाही नियमाप्रमाणे होते. कायद्याचे सर्व सोपस्कार पाळूनही खून करता येतो, हे दाखवणारी ही कथा न्यायशास्त्राच्या चर्चेतही उद्‌धृत केली जाते. मळ्याचा ताबा घ्यायला गेलेल्या अहाबाला एलीया हा संदेष्टा तेथेच गाठतो आणि खून करून वर मालमत्ता बळकावल्याचा आरोप त्याच्यावर ठेवतो. अहाब पश्चात्ताप करतो, म्हणून त्याच्या घराण्यावरील अरिष्ट त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबवले जाते.

अहाब ही ऐतिहासिक व्यक्ती असल्याचा पुरावा बायबलबाहेरही आहे. अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या शिलालेखात इ.स.पू. ८५३ मधील कर्कारच्या लढाईत अहाबाने दोन हजार रथ आणल्याची नोंद आहे. अश्शूरी लेखकांनी लष्करी सामर्थ्यासाठी नोंदवलेल्या या राजाची बायबलमधील ओळख मुख्यतः त्याच्या धर्मभ्रष्टतेमुळे आणि एका शेतकऱ्याच्या मळ्यामुळे टिकली. त्याचा पिता अम्री याच्या नावाने अश्शूरी लेख इस्राएलच्या राज्याचा उल्लेख करतात, पण बायबलने अम्रीच्या कारकिर्दीला अवघी काही वचने दिली आहेत.

यहोयाकीम आणि यिर्मया

यहूदाचा राजा यहोयाकीम (राज्यकाल इ.स.पू. ६०९–५९८) याने मजुरांना वेतन न देता प्रशस्त वाडा बांधला, असा आरोप यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. देवदाराचे लाकूड वापरल्याने कोणी राजा होत नाही, त्याच्या पित्याने गरिबांचा न्याय केला आणि ईश्वराला ओळखणे म्हणजे तेच, असा त्या वचनांचा आशय आहे. छत्तिसाव्या अध्यायात यिर्मयाच्या इशाऱ्यांची गुंडाळी राजासमोर वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस असल्याने समोर शेगडी पेटलेली असते. तीन-चार स्तंभ वाचून होताच राजा तेवढा भाग चाकूने कापून आगीत टाकतो आणि अखेर सगळी गुंडाळी जाळतो. यिर्मया आपला लेखक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहवून घेतो आणि तिच्यात आणखी मजकूर घालतो.

संदेष्ट्यांची शिकवण

संदेष्टा हा भविष्य सांगणाऱ्यापेक्षा ईश्वराच्या वतीने बोलणारा साक्षीदार असतो. राज्यकर्त्यांवरील त्याच्या आरोपांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम पीडितांचा आक्रोश ईश्वरापर्यंत पोचतो. मग संदेष्टा आरोप मांडतो. त्यानंतर पश्चात्तापाला अवधी दिला जातो आणि तो वाया गेल्यास शिक्षा होते. योना या ग्रंथात निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून गोणपाट नेसतो आणि नगर वाचते. इशारा म्हणजे अटळ भाकीत नसून बदलाची संधी आहे, असे त्यातून दिसते.

आमोस हा तकोवा येथील मेंढपाळ यराबाम दुसरा या राजाच्या भरभराटीच्या काळात उत्तरेकडील राज्यात गेला. गरिबाला जोड्यापायी विकणारे व्यापारी आणि वेशीवरील न्यायालयात लाच घेणारे न्यायाधीश यांच्यावर त्याने टीका केली. बेथेल येथील याजक अमस्या याने ते राजाचे मंदिर असल्याचे सांगून त्याला निघून जाण्यास फर्मावले. मीखाने अधिपतींना प्रजेचे मांस खाणारे म्हटले आहे. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात राज्यकर्त्यांची तुलना कळपाला न चारता स्वतःच चरणाऱ्या मेंढपाळांशी केली आहे.

परकीय राज्यकर्ते

हा न्याय इस्राएलपुरता मर्यादित नाही. आमोसाच्या आरंभी दिमिष्क, गाझा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब यांच्यावर युद्धातील क्रौर्याबद्दल आरोप आहेत. त्यांतील मवाबचा अपराध इस्राएलविरुद्ध नसून अदोमच्या राजाची हाडे जाळल्याचा आहे.

शिक्षेचे साधन झालेली सत्ताही हिशेबातून सुटत नाही. यशयाच्या दहाव्या अध्यायात अश्शूर ही ईश्वराच्या हातातील काठी आहे, पण ती गर्वाने मर्यादा ओलांडते म्हणून तिलाही शिक्षा आहे. येहूने अहाबाच्या घराण्याचा संहार केला, त्याचे २ राजे या ग्रंथात समर्थन आहे, पण इज्रेल येथील त्याच रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन होईल, असे होशेय सांगतो.

दानीएलाच्या चौथ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजा आपल्या राजधानीच्या वैभवाचा गर्व करताच बुद्धी गमावतो आणि गवत खात राहतो. पाचव्या अध्यायात बेलशस्सराच्या मेजवानीत भिंतीवर एक हात प्रकट होऊन अक्षरे लिहितो. राज्याचे दिवस मोजले गेले, राजा तराजूत तोलला गेला आणि राज्य वाटले गेले, असा दानीएल त्यांचा अर्थ सांगतो. बाबिलोनी लेखांनुसार बेलशस्सर हा नबोनिदस राजाचा पुत्र होता. बाबिलोनचा पाडाव इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेश राजाच्या हातून झाला. दानीएलाच्या ग्रंथाला आजचे स्वरूप इ.स.पू. दुसऱ्या शतकात आले, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

प्रजेला भोगावी लागणारी शिक्षा

राज्यकर्त्याच्या अपराधाचा भार प्रजेवर पडतो, हे बायबलमधील कथनात वारंवार दिसते. २ शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायात दावीद शिरगणती करवतो आणि शिक्षा म्हणून मरीत सत्तर हजार माणसे मरतात. अपराध आपण केला, या मेंढरांनी काय केले, असा प्रश्न दावीद स्वतःच विचारतो. शिरगणतीची प्रेरणा या वृत्तांतात ईश्वराकडून आल्याचे म्हटले आहे, तर १ इतिहास या नंतरच्या ग्रंथात ती सैतानाकडून आल्याचे सांगितले आहे. मूळ कथेतील अडचण जुन्या लेखकांनाही जाणवली होती, असे या फरकावरून दिसते.

त्याच ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात शौलाने गिबोनी लोकांची केलेली कत्तल हे दुष्काळाचे कारण ठरते आणि भरपाई म्हणून शौलाच्या सात वंशजांना मारले जाते. त्यांतील दोघांची आई रिस्पा हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत खडकावर गोणपाट पसरून बसते आणि प्रेतांना दिवसा पक्ष्यांपासून व रात्री श्वापदांपासून राखते. ती कथेत एक शब्दही बोलत नाही. तिची वार्ता ऐकून दावीद शौल, योनाथान व या सातजणांच्या अस्थी गोळा करवतो आणि शौलाच्या वडिलांच्या थडग्यात मूठमाती देतो. देशासाठी केलेली प्रार्थना त्यानंतर ऐकली गेली, असे वृत्तांत सांगतो. सात वंशजांच्या मृत्यूनंतर लगेच असे म्हटलेले नाही, याकडे काही भाष्यकार लक्ष वेधतात.

मनश्शे या राजाने पुष्कळ निरपराध रक्त सांडूनही पंचावन्न वर्षे राज्य केले, तर धर्मसुधारणा करणारा त्याचा नातू योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मारला गेला. २ राजे या ग्रंथात यरुशलेमच्या नाशाचे कारण मनश्शेची पापे असे दिले आहे. २ इतिहास या ग्रंथात मात्र मनश्शेने कैदेत पश्चात्ताप केल्याची कथा येते.

या प्रश्नाला बायबलमध्ये एकच उत्तर नाही. पित्याच्या पापासाठी पुत्राला मारू नये, असा नियम अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळात प्रचलित होती. यिर्मया व यहेज्केल या दोघांनीही ती नाकारली. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात प्रत्येकाचा न्याय त्याच्या स्वतःच्या कृतीप्रमाणे होईल, असे सविस्तर मांडले आहे. हबक्कूक हा दुष्ट सत्ता आपल्याहून नीतिमान लोकांना गिळत असता ईश्वर गप्प का, असे थेट विचारतो. ईयोबाच्या ग्रंथात दुःख म्हणजे शिक्षाच, हे समीकरण मोडले आहे. अमालेकी लोकांचा समूळ संहार न केल्याबद्दल शौलाचे राज्यपद काढून घेतले, ही १ शमुवेलातील कथा आधुनिक वाचकांना व धर्मशास्त्रज्ञांना सर्वाधिक अडचणीची वाटते.

नवा करार

नव्या कराराच्या काळी पॅलेस्टाईन रोमच्या सत्तेखाली होते. बाप्तिस्मा करणारा योहान याने हेरोद अंतिपास याला भावाच्या पत्नीशी केलेल्या विवाहाबद्दल दोष दिला आणि त्यासाठी त्याचा शिरच्छेद झाला. येथे नाथानाची भूमिका करणाऱ्याचा जीव गेला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू रोमी सुभेदार पिलात याला त्याचा अधिकार वरून मिळालेला असल्याचे सांगतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या चित्रात सर्व राष्ट्रांचा न्याय भुकेले, तहानलेले, परके, उघडे, आजारी व बंदिवान यांना दिलेल्या वागणुकीवरून होतो.

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने सर्व अधिकार ईश्वराकडून असल्याने त्यांच्या अधीन राहावे असे सांगितले आहे. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात मात्र प्रेषित माणसांपेक्षा ईश्वराची आज्ञा मानणे आवश्यक आहे, असे न्यायसभेला सांगतात. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात तर साम्राज्यसत्तेचे चित्र समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाचे आहे. पौलाने त्याच ठिकाणी अधिकाऱ्याला ईश्वराचा सेवक म्हटले आहे. त्यामुळे ही वचने आज्ञापालनाइतकीच अधिकाऱ्याच्या कर्तव्याचीही मर्यादा ठरवतात, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे.

राजकीय विचारावरील प्रभाव

इ.स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियस याच्या हुकुमाने थेस्सलोनिका येथे मोठी कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून दावीदाप्रमाणे पश्चात्ताप करण्यास सांगितले आणि सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले.

१ शमुवेलाच्या आठव्या अध्यायाचा इतिहास बोधप्रद आहे. स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा (पुढे इंग्लंडचा जेम्स पहिला) याने १५९८ मध्ये त्याचा आधार घेऊन राजा कसाही असला तरी प्रजेने सोसावे, असे प्रतिपादन केले. जॉन मिल्टन यांनी १६४९ मध्ये जुलमी राजाला जाब विचारण्याचा प्रजेचा अधिकार मांडला, तर टॉमस पेन यांनी १७७६ मध्ये तोच अध्याय राजेशाहीच्या विरोधात वापरला. सॅम्युएल रदरफर्ड यांच्या १६४४ मधील 'लेक्स, रेक्स' या ग्रंथाच्या शीर्षकातच राजाच्या आधी कायदा येतो.

विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीच्या समर्थनार्थ रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला जात असे. १९८५ मध्ये तेथील धर्मशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या कैरोस दस्तऐवजात या वापराचा प्रतिवाद केला आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी नागरी हक्कांच्या चळवळीत आमोसाचा वारंवार आधार घेतला.

मराठी परंपरेत

जुन्या करारातील कथा मराठी काव्यात प्रथम विस्ताराने आणण्याचे श्रेय फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांना दिले जाते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. ओवीबद्ध असलेल्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराचा कथाभाग येतो. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली १८११ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथून मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर (१९२२) प्रकाशित झाले.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजात एलीया संदेष्ट्याला 'एलियाहू हन्नबी' म्हणून विशेष स्थान आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी मलिदा हा विधी त्याच्या स्मरणाने करतात. अलिबागजवळील खंडाळा येथील खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या असल्याची या समाजाची श्रद्धा आहे. अहाबाला जाब विचारणारा संदेष्टा येथे संकटनिवारक म्हणून स्मरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने जुन्या करारातील चरित्रांवर मराठी कीर्तनेही रचली.

मराठी वाचकांना नाथान-दावीद प्रसंगावरून पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे स्मरण होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले, त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. दोन्ही प्रसंगांत सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवले जाते, पण अधिकाराचा आधार वेगळा आहे. नाथान ईश्वराच्या वचनावर बोलतो, तर रामशास्त्री चौकशीतील पुरावा व धर्मशास्त्र यांच्या आधारे निवाडा देतात. दावीदाने अपराध मान्य केला, रघुनाथरावांनी मात्र निवाडा मानला नाही. पुढे बारभाईंच्या कारभाराने त्यांना सत्तेपासून दूर केले.